जेवणघरातलं तळघर

भांडण कोंबडीवरून झालं नाही, हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे शांब्रोल गावात तशी वदंता पसरली. कोंबडी उत्तम होती. साय आणि रानातली अळंबी घालून ओदिलबाईंनी ती केली होती आणि त्यांचा धाकटा भाऊ एदमों ती दुसऱ्यांदा वाढून घेत होता. भांडण झालं ते वाईनवरून.

वाईन एदमोंची होती. म्हणजे गावामागच्या चुनखडीच्या उतारावरची, शेव्र-न्वार. शेव्र-न्वार म्हणजे काळी शेळी. एवढ्या गोऱ्यागोमट्या, सोनेरी वाईनला हे नाव कुणी दिलं आणि का दिलं हे गावात कुणाला ठाऊक नाही. पण पॅरिसच्या मोठ्या हॉटेलांत लोक ते आवाज खाली आणून उच्चारतात म्हणे. दोघांच्या वडिलांनी, थोरल्या म्हाताऱ्याने, जाताना सगळा उतार, तळघर आणि नाव एदमोंला दिलं आणि लेकीला त्याच उतारावरच्या वेलींच्या सात ओळी दिल्या. त्या ओळीसुद्धा एदमोंच बघायचा, द्राक्षं तोच न्यायचा आणि दर वर्षी बहिणीकडे दोन पेट्या पोचवायचा. असं वर्षानुवर्षं सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं.

त्या रविवारी ओदिलबाईंचे यजमान गास्तोंमास्तर यांनी घोट घेतला, तो तोंडात फिरवला आणि म्हणाले, "यंदा आंबटपणा जरा कमी वाटतो."

एदमोंने काटा खाली ठेवला. "दाजी, वाटतो की आहे?"

"वाटतो."

"मग असू दे. वाटायला परवाना लागत नाही."

मास्तरांनी तालुक्याच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवला होता. असलं बोलणं त्यांनी मागच्या बाकांवरून पुष्कळ ऐकलं होतं, पण मेहुण्याकडून, आणि तोंडात घास असताना, ऐकलं नव्हतं. ते म्हणाले, "तुझ्या त्या उताराखाली कुठला खडक आहे आणि तो कुठल्या समुद्रात तयार झाला, हे मी तुला सांगू शकतो."

"सांगा की. खडकाला बरं वाटेल. पण वाईन करा म्हटलं, तर तुमच्या हातून धड व्हिनेगरसुद्धा व्हायचं नाही."

मास्तरांनी हातरुमालाची घडी घातली. घडी घातली की ते काहीतरी बोलणार, हे ओदिलबाईंना माहीत होतं. "यंदा ओदिलच्या सात ओळी आमच्याकडे राहतील," मास्तर म्हणाले. "वाईन मी करीन. एक पिंप."

ओळी ओदिलबाईंच्या होत्या. त्यांना दोघांनीही विचारलं नव्हतं. त्यांनी चीजची थाळी मधोमध सरकवली आणि म्हणाल्या, "बोकडांच्या भांडणात शेळीला कोण विचारतं. चीज घ्या."

पिंप सप्टेंबरात आलं. नवं कोरं, ओकच्या लाकडाचं, घरभर वास सुटेल असं. घराला तळघर होतं, पण त्याचा जिना मुळात कोळशाची पोती उतरवायला बांधलेला. पिंप तिसऱ्या पायरीवर अडकलं. पुढे जाईना, मागे येईना. समोरच्या घरातले आशिलबाबा खुर्ची घेऊन रस्त्यात येऊन बसले. आशिलबाबांनी सगळी हयात द्राक्षांच्या मळ्यात घालवली होती आणि आता मळा मुलाकडे गेल्यापासून ते फक्त सल्ला पिकवत.

"तिरपं करा, मास्तर," ते म्हणाले. पिंप तिरपं केलं. ते आणखी घट्ट बसलं. "आता सरळ करा." ते सरळ होईना. "मी म्हटलंच होतं," आशिलबाबा म्हणाले. काय म्हटलं होतं ते कुणालाच आठवेना, पण त्यांचं वय बघून कुणी विचारलं नाही.

दुपारी चौकट उखडून पिंप बाहेर काढलं. मागे शेड होती. आशिलबाबा म्हणाले, शेडमध्ये जानेवारीत वाईन गोठते. पाववाल्याची बायको म्हणाली, शेडमध्ये कोंबड्या आहेत, वाईनला पिसांचा वास लागतो. तिच्या आत्याच्या वाईनला लागला होता आणि आत्या त्यातून उठली नाही. गावचे सरपंच सायकलवरून जाता जाता थांबले आणि म्हणाले, शेडला मुळात परवानगीच नाही, त्यामुळे तिच्यात काय ठेवावं या चर्चेत आपण पडत नाही.

"तात्पुरतं जेवणघरात ठेवू," मास्तर म्हणाले.

त्या घरात 'तात्पुरती' आलेली एकही वस्तू आजवर बाहेर गेलेली नव्हती. ओदिलबाईंना हे ठाऊक होतं. त्यांनी फक्त गालिचा गुंडाळून घेतला.

तोडणीला मास्तर स्वतः वाकले आणि पुढचे काही दिवस वाकलेलेच राहिले. द्राक्षं आशिलबाबांच्या जुन्या घाण्यात पिळली आणि गढूळ, गोड, हिरवट रस बादल्यांनी आणून पिंपात ओतला. पिंप भरलं तेव्हा मास्तरांच्या एक गोष्ट ध्यानात आली: आता ते हलणार नाही. रिकामं पिंप ही वस्तू असते. भरलेलं पिंप म्हणजे घरातलं एक माणूस. ते बसलं की बसलं.

आणि ते माणूस बोलायला लागलं. आधी हळू, मग घरातल्या कुणाहीपेक्षा जास्त. रस आंबू लागतो त्याला तिथे उकळणं म्हणतात, आणि उकळायला लागला की तो बुडबुडतो. सूप वाढलं की बुडुक, मास्तर बातम्यांवर मत देऊ लागले की बुडुक-बुडुक. एका सकाळी फेस वर येऊन फळीबंद जमिनीवर पसरला आणि ओदिलबाईंच्या माहेरच्या कपाटाचे दोन पाय त्यात भिजले. त्यातून जो वायू सुटतो त्याने खोलीत माणूस गुदमरू शकतो, असं सरपंचांनी सांगितलं, म्हणून खिडक्या सताड उघडल्या. त्या दिवसापासून मास्तर आणि ओदिलबाई ओव्हरकोट घालून जेवू लागले. पाहुणे आले तर त्यांचे कोट दारात उतरवून घ्यायची पद्धत त्या घरात बंद झाली.

सल्ल्यांची तर रीघच लागली. पाववाल्याची बायको म्हणाली, रस हेझलच्या झाडाच्या काडीने ढवळा. आशिलबाबा म्हणाले, ढवळाल तर हातचं जाईल. पाद्रीबुवा म्हणाले, ढवळावं, पण कृष्णपक्षात; आणि हे मत चर्चचं नसून आपलं खाजगी आहे, असंही त्यांनी बजावलं. मास्तर अर्धवट ढवळत. म्हणजे काडी आत घालत आणि तशीच बाहेर काढत. याने सगळ्यांचं समाधान होईल असं त्यांना वाटलं. कुणाचंच झालं नाही.

वाईनचा कारभार तिथे जकात कचेरीकडे असतो. मास्तर कायदा पाळणारे गृहस्थ. कुणी बोलावलं नसताना ते तालुक्याला गेले. खिडकीपलीकडे मादाम कोर्नियो बसल्या होत्या. चष्मा साखळीला, साखळी गळ्यात, आवाज एका पट्टीत.

"वाईन कुठे आहे?"

"जेवणघरात."

"तसा रकाना नाही. तळघर?"

"तळघरात जात नाही. म्हणून जेवणघरात."

"मग दुसऱ्याच्या नोंदलेल्या तळघरात हलवा."

"हलवतो."

"हलवायला वाहतुकीचा परवाना लागेल."

"द्या."

"तो ज्याचं स्वतःचं नोंदलेलं तळघर आहे त्यालाच मिळतो."

मास्तरांनी खिशातून हातरुमाल काढून त्याची घडी घातली. शाळेत असताना एखाद्या मुलाने नदी डोंगरावर चढवली तर ते असंच करत. मग ते म्हणाले, "म्हणजे मी आधी जेवणघराला तळघर करायचं?"

"तसं करता येतं," मादाम कोर्नियो म्हणाल्या. "द्राक्षांच्या ओळी कुणाच्या नावावर आहेत?"

"बायकोच्या."

त्यांनी काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मास्तरांनी बघितलं नाही, आणि त्याचा त्यांना पुढे पुष्कळ पश्चात्ताप झाला.

अशा रीतीने तळमजल्यावरचं, दोन खिडक्यांचं, फुलाफुलांचे पडदे असलेलं जेवणघर कायद्याने तळघर झालं. तळघरात अन्न शिजवणं, वाढणं आणि खाणं निषिद्ध असल्यामुळे टेबल स्वयंपाकघरात गेलं. आता चुलीपाशी जायचं तर टेबलाखालून वाकून जावं लागे. विमावाल्यांचं पत्र आलं, की घरात मद्याचा साठा असल्याने हे घर आता राहतं घर धरता येत नाही. मास्तरांनी उलट टपाली कळवलं, की आम्ही राहतो. त्याचं उत्तर आलं नाही. जकातीच्या नियमाप्रमाणे रस्त्याकडच्या दारावर 'तळघर' अशी पाटी लागली, आणि पाटी लागली तशी एका रविवारी एक बेल्जियन जोडपं वाईन चाखायला म्हणून थेट आत आलं. त्यांना सगळं समजावून सांगेपर्यंत जेवणाची वेळ झाली. ती दोघं मटणाचा रस्सा खाऊन गेली. जाताना त्यांनी ओदिलबाईंचे हात हातात घेऊन सांगितलं, की अशी अस्सल जागा हल्ली राहिली नाही.

"अस्सल म्हणजे काय हो?" ती गेल्यावर ओदिलबाईंनी विचारलं.

"गैरसोयीची," मास्तर म्हणाले.

डिसेंबरात पिंप गप्प झालं. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही, आल्यावर मात्र घर ओसाड वाटायला लागलं. आशिलबाबांनी पिंपाला कान लावला, मग दुसरा कान लावला, कारण पहिल्याने त्यांना ऐकू येत नसे. मग थोडा रस काढून चाखला.

"गोड आहे," ते म्हणाले. "अर्ध्यात झोपलाय. असाच राहिला तर लग्नात मुलांना पाजा."

गोधडी आणली. मास्तरांचा जुना शाळेचा कोट आणला. पिंपाला कोट चढवल्यावर ते पाठमोरे हेडमास्तर उभे असावेत तसं दिसू लागलं, पण जागं होईना.

"विरजण लागेल," आशिलबाबा शेवटी म्हणाले. "जिवंत रस. अजून उकळतोय असा. आणि याच उतारावरचा हवा, परक्याचा नको. तसा एकाकडेच मिळेल." कुणाकडे, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायला नको होतं.

मास्तरांनी दोन दिवस घालवले. एदमोंपुढे हात पसरण्यापेक्षा पिंप गटारात ओतावं, असंही ते म्हणाले. ओदिलबाई मटार सोलत होत्या. "शेजारून विरजण आणायला कधी कुणाला लाज वाटलेली ऐकली नाही," त्या म्हणाल्या. "आणि ओतायचं म्हणता, तर ओळी माझ्या आहेत." हे वाक्य त्यांनी या प्रकरणात पहिल्यांदाच उच्चारलं, आणि मटारांकडे बघूनच उच्चारलं.

मास्तर चौक ओलांडून गेले. एदमोंच्या तळघरात पिंपांच्या रांगा होत्या, आणि एकही अडकलेलं नव्हतं.

"एदमों," मास्तरांनी घसा साफ केला. "विरजण हवं होतं."

एदमों हसला नाही. हसला असता तर मास्तरांना परत फिरता आलं असतं. त्याने विचारलं, "खोलीत ऊब आहे?"

"आम्ही खिडक्या उघड्या ठेवतो."

"डिसेंबरात?"

"वायू साचू नये म्हणून."

"दाजी, तो ऑक्टोबरात संपतो." एवढं म्हणून तो अगदी कोपऱ्यातल्या एका पिंपापाशी गेला. ते दर वर्षी सगळ्यात मागे राहतं, त्याने सांगितलं. पण ढ पोरं कधीकधी चिवट निघतात. मग तो थबकला. "बादली चौकातून नेली तर परवाना लागेल. आणि आशिलबाबा दारात बसलेत. त्यांनी बघितलं म्हणजे जकातीला वेगळं कळवायला नको."

म्हणून विरजण सुपाच्या मोठ्या झाकणाच्या भांड्यात घेतलं. एदमोंच्या बायकोचं चिनी मातीचं, निळ्या फुलांचं. भांडं एदमोंने धरलं आणि मास्तरांनी पळी घेतली, पुराव्याला म्हणून. दोघं चौकातून जपून चालत निघाले. दोन मेहुणे त्या रविवारनंतर पहिल्यांदाच एकत्र दिसत होते. आशिलबाबांनी टोपी काढली.

मास्तरांच्या दारात जकातीची गाडी उभी होती. मादाम कोर्नियो पाटीची उंची मोजून टेप गुंडाळत होत्या.

"सूप?" त्यांनी विचारलं.

"सूप," एदमों म्हणाला.

"कसलं?"

"कांद्याचं," एदमों म्हणाला, आणि त्याच क्षणी मास्तर म्हणाले, "भोपळ्याचं."

"कांदा-भोपळ्याचं," दारातून ओदिलबाई म्हणाल्या. "या ना आत, गार होतंय."

मादाम कोर्नियो आत आल्या. त्यांनी पिंप पाहिलं. "याला कोट का?"

"सर्दी झालीय," ओदिलबाई म्हणाल्या.

मग सगळे स्वयंपाकघरात आले, कारण तळघरात अन्न नेता येत नव्हतं. भांडं टेबलावर ठेवलं. मादाम कोर्नियो भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्यासाठी थांबू नका. कामावर असताना मी खात नाही."

ओदिलबाईंनी दोन खोल ताटल्या मांडल्या. एदमोंने वाढलं. ते दुधट, गढूळ होतं आणि ताटलीत गेल्यावर बारीक बुडबुडत राहिलं.

"गरम आहे," एदमों म्हणाला. वाफ मात्र कुठे दिसत नव्हती.

मास्तरांनी चमचा तोंडात घातला. कच्चं पीठ, आंबट सफरचंद आणि ओल्या भिंतीची चव एकदम आली आणि नाकात सुया टोचल्या. त्यांनी गिळलं. दुसरा चमचा घेतला. परीक्षेच्या खोलीत निरीक्षक उभा असताना जसा चेहरा ठेवावा तसा चेहरा ठेवून ते म्हणाले, "मीठ जरा कमी पडलंय."

ओदिलबाईंनी मिठाची वाटी पुढे केली. आता घालणं भाग होतं. त्यांनी घातलं, आणि ताटली संपवली. एदमोंनेही संपवली, त्याचे डोळे भरून आले होते. मादाम कोर्नियोंनी चष्मा काढून साखळीला सोडला.

"उरलेलं लवकर घाला," दाराकडे जाताना त्या म्हणाल्या. "विरजण गारठलं की लागत नाही. आणि यापुढे सूप शक्यतो घरातच करत जा." गाडी चौकातून वळली तशी एदमोंने भांडं उचललं आणि उरलेलं पिंपात ओतलं.

तीन दिवसांनी पिंप पुन्हा बोलायला लागलं. मास्तर त्या वेळी दाढी करत होते. बुडुक ऐकून ते साबणाच्या तोंडाने धावत आले, आणि ओदिलबाई त्यांच्या आधीच पिंपाला कान लावून उभ्या होत्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर असं एकाच गोष्टीकडे धावण्याचे प्रसंग कमी येतात.

त्यानंतर एदमों दर रविवारी येऊ लागला. तो याला भेट म्हणत नसे, तपासणी म्हणे. उन्हाळ्याच्या शेवटी वाईन बाटल्यांत भरायची वेळ आली, तेव्हा मास्तरांनी तीन पेले भरले. रंग फिकट पिवळा, वाळत्या गवतासारखा. एदमोंने वास घेतला, पेला फिरवला, पुन्हा वास घेतला, घोट घेतला आणि खिडकीबाहेर बघत राहिला. जन्मात मास्तरांनी हजारो पेपर तपासले होते. पेपर तपासला जाताना बाहेर उभं राहणं कसं असतं हे त्यांना तेव्हा कळलं.

बोलल्या त्या ओदिलबाई. "बाबांच्यासारखी नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "एदमोंच्यासारखीही नाही. लाकूड जरा पुढे पुढे करतंय, ते बसेल. मध्ये पिकलेला नाशपती आहे. आणि अगदी शेवटी जिभेवर मीठ येतं."

मास्तरांनी आणि एदमोंने एकमेकांकडे पाहिलं.

"खडकातलं," मास्तर घाईने म्हणाले.

"खडकातलंच," एदमों म्हणाला. मग बहिणीकडे वळून, "ताई, हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. बाबा तुला चाखायला शिकवायचे तेव्हा मी जिन्यात बसायची. खाली ये असं कुणी म्हटलं नाही." त्यांनी पेला पुढे केला. "अजून थोडी द्या."

नुकतीच भरलेली पहिली बाटली उचलून एदमोंने स्वतः ताईचा पेला भरला, काठोकाठ, जसा तो कधी कुणाचा भरत नसे.

बाटल्यांना लावायची लेबलं छापून आली त्या दिवशी मास्तर सकाळपासून दारात उभे होते. त्यांनी गठ्ठा सोडला. वर सुबक अक्षरांत शेव्र-न्वार, आणि खाली: ओदिल पेरोदँ, उत्पादक. मास्तरांनी लेबल पुढून वाचलं, मागून वाचलं, उजेडात धरलं. द्राक्षं ज्याची, वाईन त्याची. मादाम कोर्नियोंनी त्या दिवशी तेवढंच लिहून घेतलं होतं. एक वर्ष कंबर मोडून, खिडक्या उघड्या टाकून, सूप गिळून केलेल्या वाईनवर गास्तों पेरोदँ हे नाव सूक्ष्मदर्शकातूनही सापडलं नसतं.

एदमोंला तेव्हा हसू आलं. "दाजी, तुम्ही बाटलीवर कुठे दिसत नाही."

"नाही दिसत," मास्तर म्हणाले.

"मग आत असाल."

ओदिलबाई एक बाटली हातात घेऊन बसल्या होत्या. नावावरून अंगठा फिरवत होत्या, ओली शाई असावी तसा. मास्तर छापखान्याला कडक पत्र लिहायचं म्हणून कागद घ्यायला उठले होते, ते पुन्हा बसले. "अक्षर छान आलंय," ते म्हणाले.

पिंप रिकामं झालं, तेव्हा आता ते बाहेर काढता येईल हे सगळ्यांनाच दिसत होतं. एदमोंने पुढच्या तोडणीसाठी आपल्या तळघरातला एक कोपरा देऊ केला. चांगला, थंड, उत्तरेकडचा. ओदिलबाईंनी आभार मानले आणि नको म्हणाल्या. त्यांनी दुसरं पिंप आधीच सांगून ठेवलं होतं. दोन्ही बसावीत म्हणून माहेरचं कपाट एदमोंकडे परत धाडलं. एदमोंला ते नको होतं, पण त्याने ठेवून घेतलं.

त्या हिवाळ्यात पॅरिसहून एका मोठ्या हॉटेलचे गृहस्थ आले. पातळ मिशा, तलम हातमोजे. दार मास्तरांनी उघडलं. त्यांच्या कमरेला अॅप्रन होता आणि हातात अर्धं चिरलेलं गाजर.

"मादाम पेरोदँ आहेत का? उत्पादक?"

"तळघरात आहेत," मास्तर म्हणाले आणि त्यांना बैठकीतून सरळ आत घेऊन गेले. फुलाफुलांच्या पडद्यांतून ऊन येत होतं. दोन पिंपांच्या मध्ये ओदिलबाई पेला उजेडाला धरून उभ्या होत्या. त्यांनी मान न वळवताच पाहुण्यांना थांबण्याची खूण केली, आणि पाहुणे थांबले.

"आणि आपण?" ते गृहस्थ हळूच मास्तरांना म्हणाले. "आपण इथे काय बघता?"

मास्तरांनी थोडा विचार केला.

"मी रस्सा बघतो," ते म्हणाले, आणि टेबलाखालून वाकून चुलीपाशी गेले.